नव्वद दिवस मोजायचे कधीपासून?

आमदारांच्या संपर्क कार्यालयात पीएची खुर्ची सांभाळणाऱ्याला दारातूनच कळतं, कोण कशाला आलंय. बदलीवाला थेट आत घुसतो. ठेकेदार बाहेर गाडीत बसून फोन लावतो. मुलाची तक्रार घेऊन आलेली म्हातारी माणसं मात्र सगळ्यात शेवटी बोलतात. गर्दी ओसरेपर्यंत भिंतीकडच्या बाकावर बसून राहतात, चहा दिला तर नको म्हणतात, आणि विचारलं तर आधी भलतंच काम सांगतात. रेशनकार्ड, मोतीबिंदू, श्रावणबाळ पेन्शनचा हप्ता. खरं काम उठता उठता निघतं.

मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांना सगळा तालुका ताई म्हणतो. पक्ष आणि मतदारसंघ सांगत नाही. त्याची इथे गरज नाही, आणि मला नोकरीही टिकवायची आहे. पश्चिम महाराष्ट्रातला ऊसपट्टा, एवढं पुरे.

ज्या आजींबद्दल लिहितोय त्याही श्रावणबाळच्या पैशांसाठीच आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. महिन्याला १५०० रुपये खात्यावर वेळेवर जमा होत होते, पासबुकावर तशा नोंदी होत्या. मग तक्रार कशाची? "अंगठा मी देते बाबा, पैसं त्यो घेतो," म्हणाल्या. 'त्यो' म्हणजे धाकटा मुलगा. थोरला पुण्यात खासगी कंपनीत, मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. नवरा गेल्यावर धाकट्याने घर नावावर करून घेतलं, आणि वर्षभरात आजींचं अंथरूण माजघरातून गोठ्याला लागून असलेल्या पडवीत आलं. पडवीत एक बल्ब आहे. त्याचं बटण घरात.

"सांजंचं आठ वाजलं की त्यो बटण दाबतो. मग काय करायचं? देवाचं नाव घेत पडायचं."

पोलीस ठाण्यात त्या आधीच जाऊन आल्या होत्या. तिथे अदखलपात्र नोंद झाली आणि मुलाला बोलावून समज दिली. समज दिलेला माणूस घरी जाऊन काय करतो ते ठाण्यातल्या डायरीत येत नाही. त्या रात्रीपासून पडवीत ताटच आलं नाही, चुलत जाऊ भाकरी देऊ लागली.

आता खरी अडचण. हा धाकटा मुलगा आमच्याच पक्षाचा बूथवरचा कार्यकर्ता. सभेला गाड्या भरून माणसं आणणारा. आमच्या धंद्यात हिशोब सरळ असतो, म्हातारीचं मत एक, मुलाच्या घरात मतं पाच, आणि त्याच्या शब्दावर आणखी पन्नास. ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळ वाटायला कुठल्याच लोकप्रतिनिधीला काही पडत नाही. पण एका घरात शिरून मुलाविरुद्ध आईच्या बाजूने उभं राहायचं म्हटलं की कार्यालयातले जुने लोक म्हणतात, "ताई, घरचं भांडण आहे, आपण नको." त्या दिवशीही म्हणालेच.

ताईंनी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला, समजावलं. तो मान हलवत होता. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "आईचं डोकं फिरलंय हो. वय झालं की असंच." मग ताई मला म्हणाल्या, "अर्ज तयार कर. पण अर्जावर आपल्या कार्यालयाचं नाव कुठे नको."

कायदा जुना आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला, नियम २०१० मध्ये आले. साठ वर्षांवरच्या कुणालाही, स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तर, मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसेल तर ज्याला मिळकत मिळालीय किंवा मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून. न्यायाधिकरण म्हणजे कोर्ट नव्हे, आपले प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. कोर्ट फी नाही. कलम १७ प्रमाणे वकील उभा करता येत नाही, दोन्ही बाजूंना. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो.

हे काम गुरुजींनी घेतलं. निवृत्त मुख्याध्यापक, गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव, अक्षर मोत्यासारखं आणि तोंड फटकळ. त्यांनी आजींना पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दल नव्हता. "दस्त कुठाय?"

दस्ताची नक्कल काढायला दुय्यम निबंधकाकडे गेलो. बक्षीसपत्र होतं. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत बक्षीसपत्रांचं पीक आलंय, त्याला कारण आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर थोडाफार अधिभार. मृत्युपत्रात आई-बापाला शेवटच्या दिवसापर्यंत मन बदलता येतं, आणि तेच मुलाला नको असतं. दस्तलेखकाकडचा मसुदा ठरलेला असतो. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी', मग चतुःसीमा, मग साक्षीदार. आई-बापाला सांभाळण्याची अट त्यात घाला, असं सांगणारा त्या टेबलाभोवती कुणी नसतो.

आणि अट नसेल तर फार अडतं. कलम २३ म्हणतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर, कपटाने किंवा दबावाने घेतली असं धरून न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की ही अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं 'आता सांभाळत नाही' एवढ्यावर भागणार नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की हा कायदा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या बाजूने उदारपणे वाचला पाहिजे, आणि मिळकतीचा ताबा परत देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. तिथल्या बक्षीसपत्रातच मुलगा आईची सगळी व्यवस्था पाहतो असा उल्लेख होता.

गुरुजींनी आजींचा दस्त चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांपाशी धरून वाचला. तिसऱ्या पानावर, चतुःसीमेच्या खाली, पेन्सिलीने रेघ मारली. 'लिहून घेणार हे लिहून देणार यांचा सांभाळ करीत असून यापुढेही करणार आहेत.' दस्तलेखकाने बहुधा जुन्या मसुद्यातून सवयीने उतरवलेलं वाक्य. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं.

अर्ज दिला. जोडीला आधार, सूची क्रमांक दोन, दस्ताची नक्कल, घराचा नमुना आठ, पासबुकाच्या झेरॉक्स, औषधांची बिलं. दोन्ही मुलगे सामनेवाले. निर्वाहखर्च कलम ५ खाली, दस्त रद्द करणं कलम २३ खाली, दोन्ही मागण्या एकत्र. प्रांत कार्यालयाच्या आवक-जावकवर शिक्का मारून पोच घेतली, आणि आजींनी ती पोच पिशवीत अशी घडी घालून ठेवली की जणू निकालच हातात आला.

मग काहीच झालं नाही.

कायद्यात मुदत आहे, नव्वद दिवस. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर, ते लेखी नोंदवून, आणखी तीस दिवस, तेही एकदाच. ऐकायला झकास. पण हे नव्वद दिवस अर्ज दिल्यापासून मोजत नाहीत, सामनेवाल्याला नोटीस बजावल्या तारखेपासून मोजतात. नोटीस बजावलीच नाही तर पहिला दिवसच उजाडत नाही. धाकट्याला हे कुणीतरी चांगलं समजावून दिलं होतं.

नोटीस घेऊन कोतवाल गेला. (सरकारने आता त्यांना महसूल सेवक म्हणायचं ठरवलंय, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. गावात कोतवाल आणि तलाठीच चालतं.) सुनेने दारातून सांगितलं, मालक घरी नाहीत. मालक मागच्या वाड्यात म्हशीला पाणी दाखवत होते. ते कोतवालालाही दिसलं, पण त्याचंही घर त्याच गल्लीत. नोटीस शेरा मारून परत आली, 'सामनेवाले गावी मिळून आले नाहीत'. तारीख पडली. पुन्हा नोटीस, पुन्हा तोच शेरा. थोरल्याची नोटीस पुण्याच्या जुन्या पत्त्यावर गेली आणि 'घर बंद' म्हणून पोस्टाने परत पाठवली. सुनेच्या हाती नोटीस देऊन तिलाच सामनेवाली करा, असं एकाने सुचवलं. पण या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून-जावई त्यात नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात ते होते. ते विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते तसंच निजलं.

आजी दर तारखेला यायच्या. प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात बसायच्या, शिपायाने पुढची तारीख सांगितली की आमच्याकडे यायच्या. मी एकदा वैतागून ताईंना म्हटलं, एक फोन प्रांतांना लावा, काम होईल. ताईंनी फोन लावला नाही. "निकाल काय द्यायचा ते त्यांचं काम आहे, ते तिथे न्यायाधीशाच्या जागी बसलेत. उद्या माझ्या फोनवर निकाल लागला असं तो पोरगा वर जाऊन सांगेल आणि म्हातारीचं सगळं जाईल. नोटीस का जात नाही एवढं विचार. तेही लेखी."

हे मला तेव्हा अति शुद्धपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही.

ताईंच्या डोक्यात तेव्हा विधेयक होतं. आसामने २०१७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून आई-बापासाठी कपात करण्याचा कायदा केला होता. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायला सुरुवात केली, तेव्हा ती बातमी खूप गाजली होती. ताईंना असं काहीतरी हवं होतं, शिवाय निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा वाढवायची होती. महिना दहा हजारांच्या वर द्यायचं नाही, हे कलम ९ मध्येच लिहिलंय. २००७ चे दहा हजार आणि आजचे दहा हजार यांत किती फरक आहे ते कुठल्याही मेडिकल दुकानात कळतं.

म्हणून मी मंत्रालयात गेलो. ओळखीचे एक निवृत्तीला आलेले अधिकारी होते, त्यांनी अर्ध्या तासात विमान खाली आणलं. कायदा केंद्राचा. विषय समवर्ती सूचीत, म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो, हिमाचलने तर केंद्राच्या आधी २००१ मध्येच आपला कायदा केला होता. पण केंद्राच्या चालू कायद्याशी विसंगत काही करायचं तर घटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागणार. आणि तुमच्या ताई मंत्री नाहीत, म्हणजे अशासकीय विधेयक. ते मांडलं जाईल, नाव वाचलं जाईल, यादीत राहील. संसदेत १९७० नंतर एकही खासगी सदस्याचं विधेयक कायदा झालेलं नाही, विधिमंडळात वेगळं काय होणार? "मसुदा द्या जरूर," ते म्हणाले, "पण तुमच्या म्हातारीला त्याने उपयोग नाही. तुम्ही प्रश्न टाका."

प्रश्न म्हणजे तारांकित प्रश्न, मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. ज्यांनी कधी विधिमंडळाच्या प्रश्नांची यादी हातात घेतली नाही त्यांना त्याची भाषा मजेशीर वाटेल. सगळा प्रश्न एकाच वाक्यात कोंबायचा असतो. सन्माननीय सामाजिक न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, इथून सुरुवात. मग आकडा एक, अमुक जिल्ह्यात ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज नोटीस न बजावल्याने प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय. मग दोन, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. शेवटी हमखास, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? पावसाळी अधिवेशनासाठी मी तो लिहिला. ताईंनी त्यातलं 'प्रलंबित' खोडून 'नोटीस बजावणीअभावी सुनावणीस न लागलेले' केलं. नुसतं प्रलंबित विचारलं की उत्तर येतं, अर्जांवर नियमानुसार कार्यवाही सुरू आहे. नोटीस विचारली तर कुणालातरी फाइल उघडावी लागते.

आणि फाइल उघडायची कुणी, यावरच घोळ. प्रश्न गेला सामाजिक न्याय विभागाकडे, कारण कायदा त्यांचा. न्यायाधिकरणावर बसणारे प्रांत महसूलचे. नोटीस पोलिसांनी बजावायची म्हटली तर गृह विभाग. एका विभागाचं पत्र दुसऱ्याकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून प्रांतांकडे. प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच प्रश्नोत्तराचा तास संपला, म्हणून उत्तर छापील यादीत आलं. 'हे अंशतः खरे आहे.' आणि तिसऱ्या भागाला, 'प्रश्न उद्भवत नाही.'

हे वाचून मी हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी 'अंशतः' या शब्दाभोवती गोल केला. सरकारनेच लेखी कबूल केलंय की नोटीसअभावी अर्ज अडलेत, मग पुढचं मागायला आधार झाला. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या आढावा बैठकीत त्यांनी तो कागद पुढे ठेवला. मागण्या अगदी कोरड्या होत्या. एक वार फक्त ज्येष्ठांच्या सुनावणीसाठी ठेवा. नोटीस पोलीस ठाण्यामार्फत जाऊ द्या, गल्लीतल्या कोतवालावर टाकू नका. प्रत्येक प्रयत्नाची नोंद रोजनाम्यात घ्या. आणि जो जाणूनबुजून नोटीस चुकवतोय असं दिसेल त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवा. ही शेवटची गोष्ट काही ताईंची कल्पना नव्हे. कलम ६ मध्ये ती पहिल्यापासून आहे. न्यायाधिकरणाची खात्री पटली की मुलगा मुद्दाम नोटीस टाळतोय, तर त्याच्या गैरहजेरीत प्रकरण ऐकून निकाल देता येतो. सतरा-अठरा वर्षं ते वाक्य कायद्यात आहे. पण मुलगा 'टाळतोय' हे दाखवायला कागद लागतो, आणि 'मिळून आले नाहीत' असा शेरा मारलेल्या नोटिशीवरून ते काहीच दिसत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्या उपविभागांना पत्र काढलं. वर्तमानपत्रात तीन ओळींचीही बातमी नाही. आमच्या कार्यालयातला सोशल मीडिया बघणारा पोरगा म्हणाला, याची पोस्ट काय करू, फोटोच नाही.

पुढच्या तारखेला धाकटा हजर. साध्या वेशातला हवालदार सकाळी सहाला दूध घालायच्या वेळी गेला होता. नव्वद दिवस त्या दिवशी सुरू झाले.

हजर झाल्या झाल्या त्याने डाव टाकला. कायद्यात अशी सोय आहे की ज्याच्यावर अर्ज आहे तो इतर जबाबदार भावंडांनाही प्रकरणात ओढू शकतो. त्याने बहिणीला ओढलं. आजारपणात आईला महिना-महिना ठेवून घेणारी ती एकटीच. नोटीस हातात घेऊन ती आमच्या कार्यालयात आली आणि दारातच रडायला लागली, "मी काय केलंय दादा?" गुरुजींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की घाबरू नको, तूही यायचं आणि खरं ते सांगायचं. तिचा जबाबच पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवता येतं, समेट अधिकाऱ्याला त्यासाठी महिना असतो. ही पायरी अनेकांना वेळकाढूपणा वाटते. मला नाही वाटत. तिथेच पहिल्यांदा आजींना कुणी नीट विचारलं की तुम्हाला हवंय काय. आम्ही सगळे कलमं घेऊन बसलो होतो. आई-बापाला टाकून देणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होऊ शकतो, हे गुरुजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं. आजी म्हणाल्या, "जेल नगं. त्येचं बी लेकरं हायती. मला माझ्या घरात झोपू द्या, आन् बटण माझ्या हाताशी असू द्या." धाकटा खाली मान घालून बसला. क्षणभर वाटलं, मिटलं. मग म्हणाला, दस्त परत करणार नाही, बाकी काय ते बोला. समेट फिसकटला.

सुनावणीत त्याचे वकील दाराबाहेर उभे राहून चिठ्ठ्या पाठवत होते. आत येता येत नाही, पण चिठ्ठीला कोण अडवणार? मुद्दे मात्र चांगले होते, हे कबूल करायला हवं. बायकोचा आणि शाळकरी मुलांचा त्या घरावर हक्क आहे, त्यांना रस्त्यावर काढणार का? सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवाऱ्याचा हक्क सरसकट मारता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र बघावे लागतील. मला हे पटतं. सासूला न्याय द्यायचा म्हणून सुनेला गोठ्यात पाठवायचं, यात कसला न्याय?

प्रांतांनी दोन्ही सांभाळलं. तिसऱ्या पानावरची ती ओळ अट म्हणून धरली आणि बक्षीसपत्र रद्द ठरवलं, घर पुन्हा आजींच्या नावे. सून आणि मुलांना मागच्या दोन खोल्यांत राहायला हरकत नाही, माजघर आणि पुढची खोली आजींची. दोन्ही मुलांनी मिळून महिना सहा हजार, आजींच्या खात्यात. मुलीला वगळलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. मुलाने रक्कम भरायची थांबवली तर वसुलीचं वॉरंट काढता येतं, तरीही नाही दिली तर महिनाभर आतही टाकता येतं. पण त्यासाठी हप्ता थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज द्यावा लागतो. 'देईल की पुढच्या महिन्यात' म्हणत आई थांबते, आणि तो हप्ता हातचा जातो. थोरल्याने पहिले दोन हप्ते भरले आणि तिसऱ्याला नोकरी गेल्याचं कारण दिलं. गुरुजींनी तिसऱ्याच आठवड्यात अर्ज टाकला. चौथ्या आठवड्यात पैसे आले, नोकरीही होती.

बँकेत आजींचं खातं नव्या शाखेत नेलं. आता त्या स्वतः जातात, स्लिप गुरुजींकडून भरून घेतात, पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवतात आणि मॅनेजरला उगाचच रामराम करतात. माजघरातलं बटण वायरमनने उंबऱ्यापाशी आणून दिलं.

धाकटा आमच्या सभांना आता येत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो समोरच्या पार्टीत दिसेल असं सगळे म्हणतात, दिसेलच. ताईंच्या विधेयकाचा मसुदा दिला आहे, यादीत आहे, पुढच्या अधिवेशनात नाव पुन्हा वाचलं जाईल. त्यांना मात्र आता जास्त रस दुसऱ्याच कागदात आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपविभागाकडून दर तीन महिन्यांनी त्या एकच आकडा मागवतात, किती नोटिसा परत आल्या आणि कोणत्या शेऱ्याने. शेरे मी वाचून दाखवतो. 'गावी मिळून आले नाहीत' कमी झालेत, 'घेण्यास नकार' वाढलेत. नकार चांगला. नकाराची तारीख असते.

कार्यालयात आता ज्येष्ठांपैकी कुणी आलं की मी चहा आणि दस्त यांच्याबरोबर आणखी एक विचारतो. मुलगा रात्री कुठे झोपतो, सकाळी कुठे दिसतो, कामाला कुठे जातो, दोन्ही मोबाईलचे नंबर काय. अर्जात राहता पत्ता आणि कामाचा पत्ता दोन्ही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही भिंतीवर मोठ्या अक्षरात लावली आहे. सल्ला मिळतो, गरज पडली तर माणूस भेटायलाही येतो.

धाकट्याने प्रांतांच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट टाकली आहे. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलाची जी सोय आहे ती शब्दशः ज्येष्ठांसाठी आणि आई-वडिलांसाठीच आहे, म्हणून त्याच्या वकिलांनी तिकडे न जाता हा रस्ता धरला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, नाहीतर या वयात मुंबई गाठावी लागली असती. तिथे मात्र वकील लागणार, तो विधी सेवा समितीकडून मिळतो, त्याचा अर्ज गुरुजींनी भरला आहे. तारखेला पक्षकाराने हजर राहायलाच हवं असं नाही, हे मी आजींना समजावून सांगितलं.

"मी जानार," म्हणाल्या. "पंच्याहत्तरीच्या वर एसटी फुकट हाय. त्याला तिकीट पडंल."